सेसिल कोर्टमधला मिल

लंडनचा राजवाडा, पूल, नदीकाठचं ते अवाढव्य चक्र हे सगळं तुम्ही इतरांकडून भरपूर वाचलेलं असेल. आमचंही तेच झालं, पावसात, रांगेत उभं राहून. ते सोडतो.

आगरकर वाचलेल्या माणसाला त्यांच्या विचारांमागचा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल बघायचा असतोच. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जॉर्ज फ्रेडरिक वॉट्सने रंगवलेला मिल आहे, १८७३चा. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समधल्या आव्हिन्याँला मिल वारला. पण माझ्यासमोर शाळेची सहल, मागून कोणाची तरी ढकलाढकली. फुकट प्रवेशाचा हाच त्रास. काळोखातून वर आलेला चेहरा तेवढा दिसला, आणि मी चिडून बाहेर पडलो.

जवळच सेसिल कोर्ट नावाची गल्ली आहे, जुन्या पुस्तकांच्या आणि छापचित्रांच्या दुकानांची. तिथल्या एका दुकानात पुन्हा मिल! वॉट्सच्याच चित्रावरून पॉल राजों या फ्रेंच कलावंताने केलेलं एचिंग. दुकानदार आजोबांनी ते टेबलावर ठेवलं, वर भिंग दिलं आणि स्वतः पेपर वाचत बसले. घेणार का, असं एकदाही विचारलं नाही. अख्ख्या लंडनमधलं हे सर्वात चांगलं आतिथ्य.

एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो खरवडून चित्र काढतात. अॅसिड उघड्या रेघा खातं, त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर दाबायचं. म्हणजे हाताशी फक्त शाई आणि कागद. वॉट्सकडे रंग होते; राजोंला कपाळावरचा उजेड कागद कोरा सोडूनच आणावा लागला. भिंगाखाली कोटाचा काळा रंग विरघळला, उरल्या एकमेकींवर आडव्यातिडव्या रेघा. कानाजवळचे विरळ केस तर एकेक मोजून घ्यावेत असे. याला ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा भिंग हातात धरावं.

एवढं जवळून बघताना मात्र मला राग आला. या गृहस्थाने पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली, हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही, आणि स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिताना ‘मागासलेल्या’ समाजांना त्यातून वगळलं. तरी आगरकरांनी त्याच्याकडून हवं तेवढं घेतलंच.

किंमत मीच विचारली. बायकोने ती रुपयांत करून सांगितली आणि आम्ही चहा प्यायला गेलो.