खंबाटकीत तापणारी ॲम्बॅसडर आणि विजेवरचा पंखा

उन्हाळ्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना आमची ॲम्बॅसडर खंबाटकी घाटात हमखास तापायची. गाडी चालती असेल तर काही नाही. पण वर कुठे ट्रक बंद पडला आणि रांग लागली, की दहा मिनिटांत काटा लाल पट्टीकडे सरकायचा. बाबा गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचे आणि इंजिन निवेपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे. 1984 ची मार्क 4, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, बाबांनी नवी कोरी घेतलेली. ती विकायचा विषय घरात कधी निघाला नाही, त्यामुळे इलाज शोधणं माझ्याकडे आलं.

या गाडीचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर असतो आणि फॅन बेल्टवर फिरतो. म्हणजे इंजिन जितकं पळेल तितकाच तो पळणार. हायवेवर 80 च्या वेगात समोरून वारा येतच असतो, तेव्हा हा घोंघावत इंजिनाची ताकद खातो. आणि रांगेत, वाऱ्याची खरी गरज असताना, इंजिन आयडलिंगला म्हणून हाही मंद. विजेवरच्या पंख्याला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही. पाणी तापलं की तो पूर्ण वेगाने फिरतो.

तरी मी लगेच पंखा आणायला गेलो नाही, आणि कुणीही जाऊ नये. आधी इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घेतलं, म्हणजे त्याच्या नळ्यांत सळई घालून त्या साफ केल्या. खालच्या नळ्यांतून तांबडा गाळ निघाला. थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि रेडिएटरचं झाकण नवं घातलं. एवढ्याने बराच फरक पडला. सपाट रस्त्यावरचा त्रास संपला. घाटातला मात्र उरलाच.

मग जुन्या बाजारात रविवारी सकाळी मारुती एस्टीम गाडीचा विजेवरचा पंखा मिळाला. बॅटरीला जोडून क्लॅम्प मीटरने मोजला: चालू असताना 9 अँपियर, सुरू होतानाचा झटका वीसच्या वर. तो आकडा घेऊन मी नाना पेठेतल्या आमच्या वायरमनकडे गेलो. त्यांनी पंख्याकडे बघितलंच नाही, बॉनेट उघडून आधी डायनामोवर, म्हणजे गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर, हात ठेवला.

"दादा, हा आयडलिंगला काय देतो माहितीये का? काहीच नाही."

ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. जुना डायनामो भरात असताना फार तर 22 अँपियर देतो, आणि इंजिन मंद असताना चार्जिंग जवळजवळ थांबतंच. हेडलाइटचे 9, पंख्याचे 9, वर वायपर आणि इग्निशन. रात्रीच्या पावसात रांगेत अडकलो असतो तर सगळा भार बॅटरीवर. ज्या क्षणासाठी पंखा बसवायचा, त्याच क्षणी त्याला वीज नाही! म्हणून पंख्याआधी अल्टरनेटर घेतला, जो आयडलिंगलाही वीज देतो, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच. आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली, होती, म्हणून तो सरळ बसला. जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो; न बघता अल्टरनेटर जोडला तर आतले डायोड जळतात.

जुना पंखा काढायला 7/16 चा पाना लागतो, चार बोल्ट. पण त्याच बोल्टांनी पुलीसुद्धा धरलेली असते. पंख्याची जाडी गेली की तेच बोल्ट परत लावले तर ते हबच्या, म्हणजे पुली ज्यावर बसते त्या चकतीच्या, मागून बाहेर येतात आणि पंपाच्या अंगाला घासू शकतात. मी तेवढ्या मापाचे आखूड बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर वापरले. बेल्ट अर्थातच राहतो, कारण पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच चालतात.

नवा पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवला. प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून पंखा बांधायची एक सोपी रीत आहे. ती मला अजिबात पसंत नाही. थरथरीने नळ्या घासतात आणि वर्षभरात गळती सुरू होते. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून चौकट करून घेतली, ती रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना कसली. पत्र्याने जाळीचा बराच भाग झाकल्यामुळे पंखा फक्त स्वतःसमोरच्या गोलातून नाही, तर झाकलेल्या सगळ्या भागातून हवा ओढतो. दिशा तपासायला ग्रिलसमोर वर्तमानपत्र धरलं. ते जाळीकडे ओढलं जायला हवं. आमचं उडालं! दोन वायरी उलट्या होत्या, त्या बदलल्या.

जोडणी अशी: बॅटरीपासून 20 अँपियरचा फ्यूज, तिथून रिले (लहान विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच), रिलेतून पंखा, जाड वायर. रिलेच्या कॉइलला इग्निशनवरून वीज आणि तिची दुसरी बाजू तापमानाच्या स्विचमधून अर्थला. स्विच 92 अंशांना लागतो, 87 ला सुटतो. थर्मोस्टॅट 82 चा आहे, त्यामुळे हे अंतर ठीक. स्विच थर्मोस्टॅटच्या खालच्या तापमानाचा घेतला असता तर पंखा कधी थांबलाच नसता.

पहिल्या दिवशी काटा चढत गेला, पंखा मात्र गप्प. अर्धा दिवस मी रिले बदलत बसलो. स्विच मी रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये, म्हणजे रबरी नळीत, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घालून त्यात बसवला होता. दोन्ही बाजूंना रबर! स्विचला अर्थ मिळणार कुठून? तुकड्याला छोटा स्क्रू मारून एक काळी वायर बॉडीपर्यंत नेली आणि पंखा फिरला. डॅशबोर्डखाली एक बटणही ठेवलं, स्विच बिघडलाच तर हाताने चालू करायला, आणि शेजारी पंखा चालू असल्याचा लहान हिरवा दिवा.

पुढच्या मे महिन्यात बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो. खेड शिवापूरच्या पुढे त्यांनी विचारलं, "अरे, गाडीचा आवाज का येत नाही?" तो घोंघाट पंख्याचा होता हे आम्हाला चाळीस वर्षांनी कळलं. घाटात रांग होतीच. काटा अर्ध्याच्या जरा वर गेला, हिरवा दिवा लागला, पुढून वाऱ्याचा आवाज आला. दोनेक मिनिटांत दिवा विझला, थोड्या वेळाने परत लागला. व्होल्टमीटर 13 च्या खाली आला नाही, म्हणजे भार बॅटरीवर पडत नव्हता. बाबा सबंध वेळ त्या दिव्याकडे बघत होते, आणि रांग हलेपर्यंत त्यांनी बॉनेटचं नाव काढलं नाही.

जुना पंखा, त्याचे चार लांब बोल्ट आणि 7/16 चा पाना मी एका पिशवीत बांधून डिकीत ठेवला आहे. मोटर जळलीच, तर वीस मिनिटांत तो पुन्हा बसतो.