चाकानं धरलान

चारही नट सोडून मी रुमालावर ओळीनं मांडले होते. गाडी जॅकवर होती, स्टेपनी डिकीतून काढून बाजूला आडवी टाकली होती. आता चाक दोन्ही हातांनी धरायचं आणि आपल्याकडे ओढायचं, एवढंच राहिलं होतं. मी ओढलं. चाक आलं नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मांडवी एक्स्प्रेसनं येणाऱ्या लेकीला आणायला आम्ही गुहागरहून चिपळूणला निघालो होतो. रस्ता चाळीसेक किलोमीटरचा, हाताशी वेळ भरपूर. मार्गताम्हान्याच्या अलीकडे डावीकडचं पुढचं चाक बसलं. गाडीला सहा वर्षं झाली, पण एकदाही पंक्चर नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. त्या दिवसापासून सांगत नाही. कारण पंक्चर नाही म्हणजे त्या सहा वर्षांत ते चाक कुणी काढलेलंच नव्हतं.

ही दगडावर पदर सावरून बसली होती. म्हणाली, "उलट्या बाजूला तर फिरवत नाही ना?" मी रुमालावरच्या नटांकडे बोट दाखवलं. मग पुन्हा ओढलं. खालून धरून, वरून धरून, एकदा देवाचं नाव घेऊन. नट सोडताना पान्यावर उभं राहून दोन उड्या माराव्या लागल्या होत्या, तेव्हा अवघड भाग संपला असं वाटलं होतं. प्रत्यक्षात नट हे चाकाचं अधिकृत बंधन. खरी मिठी आतल्या बाजूला पडलेली होती.

ती कशी पडते हे मला नंतर चिपळूणच्या गॅरेजमध्ये चाक उलटं करून दाखवलं गेलं. चाक ज्याच्यावर नटांनी बसवतात त्या हबच्या मध्यावर एक गोल उंचवटा असतो, आणि चाकाचं मधलं भोक त्याच्यावर अगदी नेमकं बसतं. चाक मध्यावर बसावं, थरथरू नये, म्हणून ही सोय. मधली फट कागद जाईल न जाईल एवढी. त्या फटीत पावसाचं पाणी शिरतं. हब लोखंडाचा, तो गंजतो. आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. फटीत जागा नसते, म्हणून तो दोन्हीकडून दाबत बसतो. माझी चाकं तर अलॉयची, म्हणजे ॲल्युमिनियमची. मुलानं हौसेनं घ्यायला लावलेली. ॲल्युमिनियम तांबडं गंजत नाही, त्याच्यावर पांढरी पूड धरते. पण ते लोखंडाला खेटून बसलं आणि मध्ये खारं पाणी आलं, की दोघांची मिळून एक चिमुकली बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. माझी गाडी समुद्रापासून दोनशे पावलांवर, झावळ्यांच्या मांडवाखाली उभी असते. म्हणजे या बॅटरीला सहा वर्षं फुकट चार्जिंग होतं.

पण हे सगळं नंतर. रस्त्याच्या कडेला मला एवढंच माहीत होतं की कुठंतरी काहीतरी अडकलंय, आणि अडकलेल्याला तेल घालतात. गंज सोडवणारा तो फवाऱ्याचा डबा घरी फळीवर होता. हिच्या पिशवीत लेकीसाठी घरच्या नारळांचं खोबरेल होतं. "घाला थोडं," ही म्हणाली, पण बाटली हातातून सोडली नाही. आपणच झाकणभर ओतून दिलं. मी ते ब्रेकवर जाऊ न देता हबच्या कडेनं सोडलं. त्याचा उपयोग शून्य झाला. फक्त त्या जागेला लहान बाळाच्या अंघोळीनंतर येतो तसा वास यायला लागला.

मग मी रागानं टायरला लाथ घातली. गाडी जॅकवर एकदा डुलली आणि हिच्या तोंडून "अहो!" निघालं, त्यात चाळीस वर्षांचा संसार होता.

स्टेपनीवर बसून घाम पुसला. हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो कुठल्यातरी रस्त्याचं नाव आहे असं मनातही येत नाही. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचा कारखाना होता, आणि 1904 साली त्यांनी हे जादा चाक बाजारात आणलं. तोवर मोटारींना जादा चाक नसेच. टायर बसला की मालकानं रस्त्यातच फतकल मारून तो काढायचा, ठिगळ लावायचं, पुन्हा चढवायचा. साहेबाच्या देशातून हा शब्द जवळजवळ गेला आणि आपल्याकडे मात्र राहिला. पुढे त्याचे आपण काढलेले चावट अर्थ डेव्हिस बंधूंच्या कानावर गेले नाहीत, हे बरंच. पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या स्टेपनीला आरे नव्हते. ती नुसती धाव होती, म्हणजे चाकाची बाहेरची कडी, वर हवा भरलेला टायर चढवलेली. बसलेल्या चाकाला बाहेरून ती पकडींनी आवळायची आणि निघायचं. मूळचं चाक काढायचंच नाही! पहिल्या स्टेपनीवाल्यांनी माझी अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखून टाळली होती, आणि नंतरच्या शहाण्यांनी ती परत आणली.

धाव म्हटल्यावर आजोबांची बैलगाडी आठवली. आमच्याकडे लोहार धाव चढवायला यायचा तो दिवस आम्हा पोरांना सणासारखा. गोवऱ्यांच्या आरात लोखंडी धाव लालबुंद तापवायची, फुगली की चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची, आणि लाकूड पेट घेतंय न घेतंय तोच पाणी ओतायचं. धूर, वाफ, आरडाओरडा. धाव आकसून चाकाला अशी आवळायची की सांधे कुरकुरायचे. तिथं धरणं हवं होतं. पण मधल्या तुंब्यात मात्र धरलेलं अजिबात चालायचं नाही. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबत असायचं, त्यात एरंडेलात भिजलेली काळी चिंधी. गाडीला लाकडाचा टेका द्यायचा, आसाची खीळ काढायची, चाक कडेपर्यंत ओढून घ्यायचं, आसाला वंगण फासायचं, चाक ढकलून द्यायचं. लांबचा पल्ला असला की आजोबा हे निघायच्या आधी करणारच. चाक काढणं त्यांना चप्पल काढण्याइतकं सोपं होतं. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. तिथं कपाटाच्या कुलपालासुद्धा वर्षातून एकदा तेल घालत होतो. गाडीच्या चाकाचं मात्र डोक्यात आलं नाही.

इतक्यात जांभ्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक आमच्यापुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, पंचविशीचा, पायात स्लिपर. चाकाकडे बघितलं, वाकला, नाक आत ओढलं.

"काका, फोडणी घातलाव काय?"

मी झाला प्रकार सांगितला. त्यानं चाकाला एक हिसका दिला आणि मान हलवली. "चाकानं धरलान हाय. लाथ मारलीत ना? जॅकवर गाडी असताना मारू नका हो. चाक निघेल नायतर जॅक निघेल, आधी कोण ते सांगता येत नाय. काकू, तुम्ही जरा तिकडे सरका."

मग त्यानं सांगितलं ते ऐकून मला वाटलं, हा चेष्टा करतोय. चारही नट पुन्हा लावायचे. हातानं, टेकेपर्यंत. मग प्रत्येक नट अर्धा फेरा मागं सोडायचा. जॅक उतरवायचा. आणि गाडी चालवायची.

"नट ढिले ठेवून?"

"चिपळूणपर्यंत नाय हो! फूटभर पुढं, फूटभर मागं. नि ब्रेक दाबा कचकन."

मी स्टिअरिंगवर बसलो. उभ्या जन्मात मी नियमाविरुद्ध केलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यात ही एक. फूटभर पुढं, ब्रेक. काही नाही. फूटभर मागं, ब्रेक. काही नाही. "स्टेरिंग तोडा नि मग घ्या," तो ओरडला. चाक पुरतं वळवून गाडी पुढं घेतली, आणि खालून टणकन असा आवाज आला की मला वाटलं आस मोडला. ड्रायव्हर मात्र हसत होता. "सोडलान!"

गंमत अशी, की आम्ही दोघं मिळून चाकाला ओढत होतो तेव्हा आमच्या अंगात होतं तेवढं बळ लागत होतं. गाडी खाली ठेवून ब्रेक दाबला तेव्हा अख्ख्या गाडीचं वजन त्या हबवर आडवं ढकललं गेलं. नट अर्धा फेरा ढिले, म्हणजे चाकाला हलायला जागा. पण नट जागेवर, म्हणजे पळून जायला जागा नाही. एवढाच हिशोब. इतका साधा हिशोब मला जमला नाही, आणि तो पोरगा हे सांगताना चुना मळत होता.

पुन्हा जॅक लावला, नट काढले, आणि चाक हातात आलं. मागच्या बाजूला तांबडी कडी आणि तिच्याभोवती पांढरी पूड. ड्रायव्हरनं स्टेपनी चढवून समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळले, पैसे घेतले नाहीत, खोबरेलाच्या बाटलीकडे बघून पुन्हा हसला आणि गेला. लेक स्टेशनवर तासभर बॅगेवर बसून होती. "फोन का उचलत नव्हतात?" तिनं विचारलं. फोन हिच्या पिशवीत, तेलाच्या बाटलीखाली होता.

गॅरेजवाल्यानं तारेच्या ब्रशनं हबची कडी घासून लख्ख केली, बोटाच्या टोकावर ग्रीस घेऊन त्या उंचवट्याला अगदी पुसटसं फिरवलं. "जास्त नाय. नि नटांच्या आट्यांना तर अजिबात नाय," असंही बजावलं. बाकीच्या तीन चाकांचं विचारलं तर म्हणाला, गणपती होऊन जाऊ द्या, आता माणसं गावाला गेलीत.

तेव्हा खंडेनवमीला मीच बसलो. पूजेला पाना, जॅक, हातोडी मांडलीच होती; म्हटलं हळदकुंकू लावायच्या आधी त्यांना काम देऊ. बाकीच्या चाकांना दगड लावून एकेक घेतलं. पुढचं उजवं चाक नुसत्या धक्क्यानं आलं. मागचं डावं अंगणात दोनदा पुढंमागं केल्यावर सुटलं. दोन्ही हब घासले, ग्रीस फिरवलं, आजोबांच्या थाटात.

मागच्या उजव्या चाकापाशी मात्र संध्याकाळ झाली. अंगणात जेवढी पुढंमागं करायची तेवढी केली, तुळशीवृंदावनाला एकदा बंपर लागता लागता राहिला. शेवटी ही झेंडूचे हार घेऊन बाहेर आली. मी नट पुन्हा घट्ट आवळले, चारही चाकांवर कुंकू लावलं, त्या चौथ्यावर थोडं जास्त, आणि चिपळूणला फोन लावला.