फुल्ल टाकीचा हिशेब

३१ डिसेंबर रविवारी आला की आम्हा पेट्रोल पंपवाल्यांच्या पोटात गोळा येतो. रविवारी डेपो बंद, त्यामुळे शनिवारी उतरलेल्या मालावर सोमवार उजाडेपर्यंत ढकलायचं. त्यात कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला आणि पन्हाळ्याला आलेल्या बाहेरगावच्या गाड्या. सोमवारी, १ जानेवारी २०२४ ला सकाळी डिप घेतला, म्हणजे टाकीत रॉड घालून साठा मोजला, तेव्हा डिझेल बरं होतं, पेट्रोलने मात्र तळ गाठला होता. इंडेंट, म्हणजे कंपनीकडे मालाची मागणी, टाकलेला, पैसे भरलेले. आधी पैसे जमा केल्याशिवाय कंपनी थेंबही सोडत नाही, हे अजून कुठल्या गिऱ्हाइकाला पटलेलं मी पाहिलेलं नाही. पण मिरजेच्या डेपोतून आमचा टँकर निघालाच नाही. चालक संपावर.

संप भारतीय न्याय संहिता या नव्या फौजदारी कायद्यातल्या कलम १०६(२) च्या विरोधात होता. अपघातात माणूस गेला आणि चालक न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या कलमात दोन होती. चालकांचं म्हणणं, थांबलं तर जमाव मारतो आणि पळालं तर दहा वर्षं. आमचा टँकरवाला फोनवर एवढंच म्हणाला, “मालक, गाडी उभी हाय, मी घरात हाय.”

मंगळवारी सकाळपासून रांग गगनबावडा रोडवर आली. टीव्हीवर एकच वाक्य फिरत होतं, इंधनाचा साठा पुरेसा आहे. खरंच होता, पण डेपोत. माझ्या टाकीत काय आहे ते डिप रॉड सांगतो, आणि रॉडवरचा ओला भाग बोटभर उरला की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढायला लागतो. नोझलमधून फस्‌ असा आवाज येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, “माप मारताय.”

लोकांना अक्कल नाही, पॅनिक होतात, असं त्या दिवशी जो तो बोलत होता. बोलणारे बहुतेक रांगेतच उभे होते. मला हे अर्धंच पटतं. आपल्याकडे दुचाकीवाला एरवी शंभराचं पेट्रोल टाकतो, म्हणजे लिटरभरही नाही. शहरातल्या दुचाक्या कायम तळाला पेट्रोल घेऊन फिरतात आणि त्यांचा साठा माझ्या जमिनीखालच्या टाकीत असतो. वीस हजार लिटरमध्ये शंभरवाले वीस हजारांवर निघतात. तेच सगळे आठ-आठ लिटर मागायला लागले की अडीच हजारांत टाकी कोरडी. पेट्रोल कुठं नाहीसं होत नाही, ते लोकांच्या पार्किंगमध्ये जाऊन बसतं. उद्या मिळेल याची खात्री नसलेल्या माणसानं आज टाकी भरली, तर त्याला मूर्ख कसं म्हणू? राग येतो तो दोनशेची मर्यादा लावल्यावर दोनशेचं टाकून, वळसा घालून पुन्हा रांगेत येणाऱ्यांचा. आणि ‘तीन दिवस पंप बंद’ असे मेसेज पुढं ढकलणाऱ्यांचा.

दुपारी उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रेलर, गच्च भरलेले. चाळीस लिटर डिझेल मागितलं. रांगेतून ओरड सुरू झाली, “लिमिट सगळ्यांना सारखं पायजे!” ओरडणाऱ्यांत निम्मे स्प्लेंडरवाले. डिझेलची टाकी वेगळी, त्यांच्या पेट्रोलशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. तोडलेला ऊस वाळला की कारखान्याच्या काट्यावर वजन घटतं, आणि भरल्या ट्रेलरसकट तो रस्त्यात बंद पडला तर अख्खा गगनबावडा रोड तुंबणार. मी चाळीस लिटर सोडले.

मागं कळे गावचा वडापवाला, म्हणजे प्रवासी जीपवाला, होता. डिझेलला हजाराची मर्यादा होती, त्याला दोन हजारांचं हवं होतं. नाही म्हटलं. तो भांडला नाही. म्हणाला, “भावा, उसाला सोडलास. माझ्या गाडीत माणसं हाईत. उद्या सकाळी दोघांना डायलिसिसला सीपीआर दवाखान्यात आणायचंय.” त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे नियम होता, आणि तो तर मी आत्ताच मोडला होता. तरी हजाराचंच दिलं. ट्रॅक्टरला थोडं आणि जीपला थोडं, असं केलं असतं तर? मग तो ट्रॅक्टर शिंगणापूर फाट्यावर आडवा, आणि वडापही त्याच्यामागं अडकलेलं.

२०१९ च्या पुरात हे सोपं होतं, असं म्हणायचं धाडस करतो. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, टँकर येणारच नव्हता. पण इंधन फक्त अत्यावश्यक गाड्यांना, असा प्रशासनाचा आदेश होता. गिऱ्हाईक भांडलं की कागद दाखवायचा. संपात रस्ता कोरडा ठणठणीत आणि कागदही नाही. कुणाला किती द्यायचं ते शिफ्ट मॅनेजरनं ठरवायचं, म्हणजे मी.

त्या रात्री दिल्लीत वाहतूकदारांच्या संघटनेची गृहसचिवांशी बैठक झाली, कलम लागू करण्याआधी चर्चा करू असं सरकारनं सांगितलं, संप मिटला. टँकर आला. मग विक्री अशी पडली की पोरं नोझलला टेकून मोबाईल बघत बसली. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या.

पुढच्या वेळेसाठी मालकांनी क्रम लिहून ठेवायला सांगितला. ॲम्ब्युलन्स, पोलीस, दूध, इथपर्यंत कुणाचं दुमत नाही. त्याखाली मी वडाप लिहिलं. मालकांनी खोडून ऊस केलं. त्यांचाही ऊस कारखान्याला जातो.