दम्यासकट पंढरीची वारी: दिवे घाट जमतो, जेजुरी सांभाळा

आधी निकाल सांगते. तीव्र दमा असलेल्या माणसाला माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी जाता येतं. दिवे घाटही चढता येतो. पण जेजुरीत रथासोबत पाऊल टाकू नका. निघण्याआधी ज्या ज्या जुन्या वारकऱ्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी घाटाची भीती घातली आणि जेजुरीबद्दल एवढंच सांगितलं, "तिथं सोनं उधळतात, ते चुकवू नका." त्या सोन्यानेच मला रात्री दवाखान्यात नेलं.

पावसाळ्यात कधीमधी छातीत शिट्टी वाजते एवढाच ज्यांचा त्रास आहे, त्यांना यातली निम्मी काळजीही लागणार नाही. मी जास्त डोसचा स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉलचा पंप सकाळ-संध्याकाळ घेते, शिवाय दर चार आठवड्यांनी मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन. एवढं करूनही मोठा ॲटॅक येतो तेव्हा येतोच. चालणं मात्र सोडलेलं नाही. धावले की छाती आवळते, पण एका लयीत चाललं तर श्वास नाकातून घेता येतो, हवा कोमट आणि ओली होऊन आत जाते, आणि दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर सहज होतात. तुमचा सराव पंधरा किलोमीटरच्या आतला असेल तर या वर्षी तो वाढवा आणि पुढच्या आषाढीला निघा. बूट, मोजे, पायाचे फोड यावर इथे काही लिहिणार नाही.

पुणे ते सासवड हा वारीतल्या सगळ्यांत लांब टप्प्यांपैकी एक, तीसेक किलोमीटरचा, आणि तो नेमका एकादशीला येतो. मी उपास धरला नाही. पहाटे भाकरी-पिठलं खाऊन निघाले. आमच्या दिंडीतल्या परभणीच्या एक मावशी स्वतः निर्जळी होत्या, त्यांनीच मला बसवून खायला लावलं: "औषधावरच्या माणसाला एकादशी नसते, माऊली." त्यांचं ऐका. रिकाम्या पोटी स्टिरॉइडची गोळी घ्यायची वेळ आली तर पोट जळतं, आणि उपासाची तुपकट खिचडी खाऊन घाट चढताना आंबट पाणी घशाशी येतं. ते वर आलं की दमा उसळतो.

या दिवशीचा त्रास घाटात नाही, घाटाच्या आधी आहे. हडपसर सोडल्यावर फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी या पट्ट्यात रस्ता रुंदीकरणाची खडी आणि धूळ, कचरा डेपोचा वास, दिंड्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर, रस्त्याकडेच्या मंडपांचे जनरेटर. सगळं नाकाच्या उंचीवर. इथे एन-९५ मास्क लावा, उपरणं किंवा ओढणी ओली करून बांधण्यावर विसंबू नका. कापडाने मोठी धूळ अडते, बारीक धूर आत जातो. आणि अंधार असतानाच हडपसर मागे टाका, पालखीच्या पुढे, मोकळ्या समाजाबरोबर, म्हणजे कुठल्याच दिंडीत नसलेल्या वारकऱ्यांबरोबर. दिंडीची शिस्त मोडते म्हणून विणेकरीबुवा आधी कुरकुरले. पंप दाखवल्यावर त्यांनीच एक तरुण सोबतीला दिला.

घाट चार-पाच किलोमीटरचा आहे आणि त्याची चढण एकसारखी आहे. पाऊस भुरभुरत होता. कोरड्या थंड हवेपेक्षा अशी कोमट दमट हवा दम्याच्या नळ्यांना मानवते, हे मला वाचून माहीत होतं, तिथे अनुभवलं. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पायथ्याला, चढ सुरू करायच्या पंधरा मिनिटं आधी, साल्ब्युटामॉलचे, म्हणजे श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या निळ्या पंपाचे, दोन फवारे घेतले. चढताना टाळ वाजवा, अभंग म्हणू नका. समोरचा गातोय म्हणून आपणही तार सप्तकात गेलो की श्वासाचं गणित बिघडतं. रथाला वाढीव बैलजोड्या लावलेल्या असतात, त्या जवळ आल्या की गर्दी कडेला दाबली जाते. अशा वेळी दरीच्या बाजूला राहा, डोंगराच्या बाजूला माणसं चेंगरतात आणि हवा लागत नाही. वर पोचल्यावर एकदम बसू नका. श्रमाने येणारा दमा बहुधा चालताना न येता थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी येतो. त्यामुळे माथ्यावरच्या विठ्ठलाच्या मोठ्या मूर्तीपाशी मी सावकाश फेऱ्या मारत राहिले आणि मग पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणाऱ्या छोट्या यंत्रात, फुंकर मारली. ३७०. माझा सर्वोत्तम आकडा ४२०. खाली वळून पाहिलं तर पूर्ण घाटभर पताका आणि टोप्या, मधून टाळांचा आवाज वर येतोय, आणि माझ्या छातीतून एकही शिट्टी नाही. मी रडले. लहानपणी शाळेच्या सहलीतून ज्या मुलीला दरवेळी वगळलं, ती इथे उभी होती.

आता जेजुरी. सासवडला पालखीचे दोन मुक्काम असतात, त्यामुळे पाय ताजे असतात. बोरावके मळा, यमाई शिवरी, साकुर्डे, मग जेजुरी, अंतर जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. सगळे म्हणतात सोपा दिवस. पालखी दुपार कलल्यावर गावाजवळ पोचते आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" सुरू होतं. रथावर, दिंड्यांवर, रस्त्यावर, गच्च्यांवरून भंडारा, तेच ते सोनं. मूठमूठ नाही, परातीने. हवा पिवळी होते. माझ्या पुढच्या बाईची हिरवी साडी दोन मिनिटांत पिवळी झाली, तिच्या मानेवरच्या घामात भंडाऱ्याचे ओघळ आले. मास्क होता, पण दिवसभराच्या घामाने ओला. ओला मास्क नाकाला चिकटतो आणि कडेने फट पडते. त्या फटीतून हळदीची चव घशात उतरली. शुद्ध हळद महाग पडते म्हणून भंडारा म्हणून भलतीच पिवळी भुकटी खपवतात ही तक्रार जेजुरीत जुनी आहे, आणि त्या दिवशी घशाला जे खरखरलं ते स्वयंपाकघरातल्या हळदीसारखं नव्हतं. मागे वळता येत नाही, बाजूला गल्ली नाही, पुढे माणूस आणि मागे माणूस. दोन फवारे ओढले. काही नाही. आणखी दोन. वाक्य पूर्ण बोलता येईना. पालखीतळावर पोचेपर्यंत मीटरवर १९०. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या माझ्या कागदावर २१० च्या खाली लाल रेघ आहे, म्हणजे सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याहून कमी.

कागदावर पुढचं लिहिलेलं होतं म्हणून बरं. पंपाला स्पेसर (फवारा साठवणारी पोकळ नळी) लावायचा, एका वेळी एकच फवारा, तो चार श्वासांत ओढायचा, असे चार. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करायच्या आणि दवाखाना गाठायचा. सोबतच्या मुलाने १०८ लावला, गाडी गर्दीत अडकली होती, म्हणून जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. पाच मिनिटांच्या नेब्युलायझरचे बाराशे रुपये घेतले. ऑक्सिजनचा मास्क हातात धरायला दिला, त्याचे वेगळे पाचशे. नेब्युलायझरमध्ये टाकायच्या औषधाची छोटी नळी कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. पावती मागितली तर "वारीत कसली पावती" असं उत्तर मिळालं. आणि तिथून चालत पाच मिनिटांवर सरकारी वैद्यकीय पथकाचा तंबू होता, फुकट, ऑक्सिजनसकट. सकाळी कळलं. २०२३ पासून आरोग्य खात्याची "आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी" ही मोहीम मार्गावर असते. मुक्कामी पोचलात की राहुटीत पडशी टाकण्याआधी त्यांचा तंबू कुठे आहे ते बघून या. आधी तंबू, मग चहा.

दम्याच्या माणसासाठी या दिवसाचं नियोजन एकच: सासवडहून पहाटे तीन-साडेतीनला निघा, दुपारी बाराच्या आत जेजुरी ओलांडा आणि थेट वाल्ह्याच्या वाटेला लागा. वाल्हे जेजुरीपासून बारा किलोमीटर. म्हणजे दिवसाचे अठ्ठावीस होतात, पण ते चालून झेपतात. पिवळी हवा झेपत नाही. एवढं चालायचं नसेल तर जेजुरी ते वाल्हे गाडीने जा. वारी खंडित होते वगैरे कुणी म्हणेल. म्हणू द्या. खंडोबाचं दर्शन हवंच असेल तर वारी सोडून वर्षातल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी सकाळी या. सोमवती अमावस्येला मुळीच नको, तेव्हा गडावर हेच चालतं.

रात्रींबद्दलही कुणी सांगत नाही. पालखीतळावर संध्याकाळी डासांसाठी धूरफवारणीची गाडी फिरते. पांढरा धूर राहुट्यांमध्ये शिरतो आणि तासभर हलत नाही. त्या वेळी तळावर थांबू नका, गाडीचा आवाज आला की वारा जिकडून येतो तिकडे चालत जा. राहुटीच्या कडेने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते, त्यामुळे डोकं त्या बाजूला ठेवून झोपायचं नाही. राहुटीत पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे रात्री पायाला बाम चोळतात, एखादा दुखण्यावरचा स्प्रे मारतो. मी दाराशी झोपायचे, पावसाचे शिंतोडे आले तरी. दिंडीची भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाची वर्गणी, भरतानाच सांगून ठेवा की दाराजवळची जागा हवी, नंतर मिळत नाही. खोली घ्यायची म्हणाल तर त्या रात्रीपुरते दर तिपटीने वाढतात आणि भिंतीला बुरशी असते. तळाच्या कडेला गाजर गवत फुललेलं दिसलं तर तिथे बसूही नका. पुण्याच्या आसपास १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलेलं हे तण आता पूर्ण पालखी मार्गावर आहे आणि पावसाळ्यात फुलतं.

गोळ्यांचं एक नीट ऐका. पाय दुखतात म्हणून जागोजागी सेवेकरी गोळ्या वाटतात, इंजेक्शनही देतात. त्यात डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. दम्याच्या काही रुग्णांना, विशेषतः ज्यांच्या नाकात मांस वाढलेलं असतं त्यांना, या गोळ्यांनी तासाभरात जीवघेणा ॲटॅक येऊ शकतो. देणारा प्रेमाने देतो, नाव सांगत नाही. माझ्यासमोर एका काकांनी तशीच गोळी घेतली आणि त्यांचा खिसा तपासला तर त्यात निळा पंप. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. पॅरासिटामॉल स्वतःचं न्या, ते बहुतेकांना चालतं, पण हेही निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

कॅप्सूल फोडून ओढायचा पंप असेल तर आषाढातली हवा कॅप्सूल मऊ करते, ती फुटत नाही आणि भुकटी आत चिकटते. डॉक्टरांना विचारून वारीपुरता फवाऱ्याचा पंप घ्या. पंप कमरेच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवा. सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, ट्रक दुपारपर्यंत भेटत नाही आणि ताडपत्रीखाली तापतो. स्पेसर दोन घ्या, गर्दीत एक चेपतो आणि लहान गावातल्या मेडिकलमध्ये तो मिळत नाही. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला पाणी लागतं, अर्धा लिटर वेगळं ठेवा, नाहीतर चार दिवसांत तोंड येतं. मास्क रोज दोन, कोरड्या पिशवीत. मेपोलिझुमॅबसारखं इंजेक्शन घेत असाल तर त्याची तारीख निघण्याआधीची करून घ्या. ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, वारीत ते सांभाळणं अशक्य आहे.

लोणंदपासून फलटण, बरड, नातेपुते, माळशिरसपर्यंत लिहिण्यासारखं काही नाही. रस्ता रुंद आहे, हवा मोकळी आहे, चालायचं. रिंगणाच्या वेळी वाऱ्याची दिशा बघून उभं राहा. अश्व धावून गेल्यावर त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं मैदानात झेपावतात आणि मोठा लोट उठतो. मी तो बसेपर्यंत लांब थांबले, मग जाऊन माती लावली. वेळापूरच्या अलीकडे धावा असतो, उतारावरून सगळे पळत सुटतात. पळू नका. कडेने चाला, कुणी काही म्हणत नाही. माझ्या दोन्ही बाजूंनी आजी-आजोबा पळत गेले आणि परभणीच्या मावशी माझा हात धरून चालल्या.

पंढरपुरात दशमी-एकादशीला वाळवंटात आणि मंदिराच्या गल्ल्यांत बुक्का, उदबत्ती आणि माणसं एवढी असतात की पददर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं दम्याच्या माणसाने करू नये. मी कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय बुडवले आणि संध्याकाळच्या आत एसटी पकडली. पंढरपूरच्या जादा गाड्यांत खिडकीची जागा मिळेल ती गाडी घ्या, पहिली सुटणारी नको. घरी पोचल्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मीटरवर फुंकर चालू ठेवा. माझा आकडा तिसऱ्या दिवशी ३०० वर घसरला होता. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला नसता तर पुन्हा भरती व्हावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आषाढीची भिशी मी भरून ठेवली आहे, दाराजवळच्या जागेसह.