क्लबफूट आहे म्हणाले, पण कुठल्या प्रकारचा ते विचारलंत का?

आमच्या धाकट्याला दोन्ही पायांना क्लबफूट, म्हणजे जन्मतःच आत आणि खाली वळलेला पाय, होता हे ओळखीच्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे कुणाच्या घरी बाळाचा पाय आत वळलेला निघाला की फोटो माझ्याकडे येतो आणि खाली एकच प्रश्न असतो, हे बरं होतं ना? मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. आणि फोटो बघून मलाच काय, डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही, कारण क्लबफूटमध्ये पाय कसा दिसतो यापेक्षा तो हाताला कसा लागतो, किती कडक आहे, हे जास्त महत्त्वाचं असतं. तेव्हा मी उलटा प्रश्न विचारते, डॉक्टरांनी प्रकार कुठला सांगितला? बहुतेकांना हे माहीतच नसतं. क्लबफूट एवढा एकच शब्द ऐकून घरी येतात आणि रात्रभर मोबाईलवर भलतेसलते ऑपरेशनचे फोटो बघत बसतात.

सगळ्यात सौम्य प्रकार म्हणजे पोश्चरल, काहीजण पोझिशनल म्हणतात. पोटात जागा कमी पडते, पाय तसाच दुमडून राहतो आणि बाहेर आल्यावरही काही दिवस आत वळलेला दिसतो. पण डॉक्टरांनी हळूच धरून फिरवला की तो अलगद सरळ येतो, आणि वर नेला तर वरही जातो, टाच खाली येते. हाडांची ठेवण बिघडलेली नसते. अशा पायाला बऱ्याचदा नुसतं हलकं स्ट्रेचिंग पुरतं, कधी एखाददुसरं प्लास्टर. फक्त हे घरच्या घरी ठरवू नका, म्हणजे मालिश करणारी म्हणाली होईल सरळ आणि आपण सहा महिने वाट बघितली असं नको. सरळ येतोय असं वाटणारा पाय कधीकधी फक्त पुढून वळत असतो आणि टाच तिथेच वर अडकलेली असते.

पुढून वळण्यावरून आठवलं, सगळेच वाकडे पाय क्लबफूट नसतात. फक्त बोटांकडचा अर्धा भाग आत वळलाय, टाच जागेवर आणि घोटा मोकळा, तर तो मेटाटार्सस अडक्टस, बराचसा आपोआप सुधारणारा. पाय उलट वर वळून नडगीला टेकलाय तर तो कॅल्केनिओव्हाल्गस, तोही बहुधा सुटतो. हे दोन्ही फोटो मला क्लबफूट म्हणून आलेले आहेत.

आता खरा क्लबफूट. साधारण हजार जन्मांमागे एक, मुलींपेक्षा मुलांत दुप्पट, आणि जवळजवळ निम्म्या बाळांना दोन्ही पायांना. यात बहुसंख्य बाळं इडिओपॅथिक प्रकारातली, म्हणजे बाकी बाळ ठणठणीत, फक्त पाय असा आणि नेमकं एकच कारण दाखवता येत नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते, गरोदरपणात सिगारेटनेही वाढते, पण तू कशी बसलीस, काय उचललंस, जिना का चढलीस यातलं काहीही कारण नसतं, आणि हे मी सासूबाईंना, आईला आणि शेजारणीला वेगवेगळं समजावलेलं आहे.

या पायात चार गोष्टी एकदम बिघडलेल्या असतात. तळव्याची कमान जास्त खोल, पुढचा भाग आत, टाच आत कलंडलेली आणि पूर्ण पाय खाली ओढलेला. टाचेला हात लावून बघा, मला डॉक्टरांनी माझाच अंगठा धरून दाखवलं होतं, टाच दाबली तर आत हाड लागतच नाही, नुसतं मऊ मांस, कारण टाचेचं हाड वर चढून बसलेलं असतं. मागे घोट्यापाशी एक खोल आडवी घडी असते, एक तळव्याच्या आतल्या बाजूला. हे सगळं बघून पिराणी स्कोअर, म्हणजे पाय किती बिघडलाय त्याचे गुण, देतात, सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक, म्हणजे जास्तीत जास्त सहा. तो आकडा दर आठवड्याला लिहून घ्या, पाय सुधारतोय की नाही हे त्यावरून कळतं.

उपचार पोन्सेटी पद्धतीने. इग्नासिओ पोन्सेटी (जन्म १९१४, मृत्यू २००९) हे हाडांचे डॉक्टर, मूळचे स्पेनमधल्या मेनोर्काचे, अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम करायचे. त्यांचा वाढदिवस ३ जूनला असतो म्हणून तो जागतिक क्लबफूट दिवस. मोठी ऑपरेशनं केलेले पाय पुढे कडक होतात, दुखतात, हे बघून त्यांनी हाताने हळूहळू वळवून प्लास्टर घालायची रीत बसवली. दर आठवड्याला नवीन प्लास्टर, बोटांपासून थेट मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून, आणि बहुतेकांना पाच ते सात पुरतात. पहिलं प्लास्टर बघून घाबरू नका हं, कारण आधी कमान सोडवायची असते त्यामुळे पाय बाहेर वळवायच्या ऐवजी अजूनच वर उलथल्यासारखा दिसतो आणि नातेवाईक म्हणतात अगं हे तर आणखी वाकडं केलं. क्रमच तसा आहे, आधी कमान, मग पुढचा भाग आणि टाच एकत्र, आणि पाय खाली ओढलेला असतो ते सगळ्यात शेवटी. त्या शेवटच्यासाठी बहुतेक बाळांची टाचेमागची शीर, म्हणजे रक्ताची नव्हे तर स्नायू हाडाला जोडणारी दोरीसारखी शीर, एका बारीक छेदातून कापतात, टेनोटॉमी म्हणतात, आणि मग तीन आठवड्यांचं प्लास्टर, तेवढ्यात शीर लांब होऊन जुळून येते. कापतात हा शब्द ऐकूनच पोटात गोळा येतो पण बाळाला खरा राग येतो तो प्लास्टर काढताना.

दुसरा गट सिंड्रोमिक किंवा सेकंडरी. इथे पाय हा मोठ्या गोष्टीचा एक भाग असतो, जसं स्पायना बायफिडा, म्हणजे मणक्याचा दोष, किंवा आर्थ्रोग्रायपोसिस, ज्यात बरेच सांधे जन्मापासून आखडलेले असतात. म्हणून चांगले डॉक्टर पाय बघायच्या आधी बाळाला पूर्ण उघडं करून बघतात, खुबे फिरवून बघतात, हाताची बोटं उघडतात का ते बघतात, पाठीवर खाली खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का ते बघतात. तुमच्या डॉक्टरांनी फक्त पाय बघून प्लास्टर सुरू केलं असेल तर बाकीचं तपासलंत का, असं सरळ विचारा, यात कसला आलाय संकोच. या प्रकारातही सुरुवात पोन्सेटीनेच करतात पण पाय जास्त कडक असतो, प्लास्टर जास्त लागतात, परत वळायची शक्यताही जास्त आणि काहींना पुढे ऑपरेशन लागतं. मणक्याचा दोष असेल तर पायाला संवेदना कमी असू शकते, मग प्लास्टर किंवा बूट टोचला तरी बाळ रडणार नाही, तिथे कातडी रोज डोळ्यांनी बघावी लागते.

सोनोग्राफीत विसाव्या आठवड्याच्या आसपास बऱ्याचदा पाय दिसतो, पण त्यावरून पाय कडक आहे की मऊ हे सांगता येत नाही, आणि क्लबफूट म्हणून सांगितलेला पाय जन्मानंतर साधा पोश्चरल निघतो असंही होतं. सोनोग्राफीवर प्रकार ठरवून रडत बसू नका.

आता तो प्रकार ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, कॉम्प्लेक्स किंवा अटिपिकल क्लबफूट. पाय आखूड, गुबगुबीत, तळव्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खोल घडी आणि अंगठा आखूड व वर उचललेला. काही पाय जन्मतःच असे असतात, पण बरेचदा साध्या क्लबफूटचा असा पाय होतो प्लास्टर सैल पडून घसरल्यामुळे. पाय आत सरकतो, दबतो, सुजतो, आणि पुढचं प्लास्टर त्याच सुजलेल्या पायावर चढतं. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट बजावते, प्लास्टर घातल्यावर बोटांचा फोटो काढून ठेवा आणि रोज दोनदा बोटं बघा. काल पूर्ण दिसणारी बोटं आज आत गेल्यासारखी दिसली तर घसरलंय, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी काढून घ्यायचं. बोटं निळी किंवा थंड पडली तरीही तसंच. माझ्या ओळखीच्या एका बाळाच्या आईने ही तक्रार केली तर तिला आठवडाभर थांबा सांगितलं गेलं, मला अजून राग येतो.

कॉम्प्लेक्स पायाला नेहमीची पद्धत जशीच्या तशी लावली तर पाय आणखी बिघडतो. गुडघा जास्त वाकवून, साधारण ११० अंशांत, प्लास्टर घालतात म्हणजे घसरत नाही, आणि पाय बाहेर फार वळवत नाहीत. पुढे प्लास्टर संपल्यावर ब्रेस, म्हणजे मधल्या दांडीने जोडलेले दोन बूट, घालतात, त्याचा कोनही कमी ठेवतात. साध्या क्लबफूटला ब्रेसमध्ये पाय ६० ते ७० अंश बाहेर असतो आणि दुसरा पाय चांगला असेल तर तो ३० ते ४० वर, इथे एवढं नाही. म्हणजे ब्रेस बनवणाऱ्यालाही प्रकार माहीत हवा.

हा ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग फक्त झोपेत, तेही चार वर्षांचा होईपर्यंत. इथेच सगळे ढेपाळतात, पाय छान दिसतोय की, कशाला रडवायचं म्हणून. आणि मग पाय परत वळतो, त्याला रिलॅप्स म्हणतात. मूल चालताना पायाच्या बाहेरच्या कडेवर जोर देतंय, टाच टेकत नाहीये, बूट बाहेरच्या बाजूने लवकर झिजतोय, की लगेच दाखवा. लवकर गेलात तर परत थोडी प्लास्टर घालून भागतं, काहींना तीनेक वर्षांच्या पुढे पायाच्या पुढची एक शीर आतल्या बाजूकडून मध्याकडे सरकवायचं ऑपरेशन लागतं. फक्त एका पायाला असेल तर तो पाय थोडा लहान आणि पोटरी बारीक राहते, ते रिलॅप्स नाही, त्याला मालिशचा उपयोग नाही, बूट घेताना तेवढी दोन्ही पायांची मापं घ्या.