डिस्कचा सेट न उघडताच परत जातो तेव्हा

मिरजेतल्या हॉस्पिटलांना मणक्याचे इम्प्लांट पुरवायचं काम मी करतो. आदल्या रात्री सेटचे डबे पोचवायचे, ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक व्हायला, गेले का ते सिस्टरांना विचारायचं, आणि सकाळी शिशाचा एप्रन चढवून ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, कोपऱ्यात उभं राहायचं. कशालाही हात लावायचा नाही. साइज मागितली की पाकीट दाखवायचं, एवढंच.

मानेची केस असली की बहुधा दोन सेट नेतो. एक कृत्रिम डिस्कचा, म्हणजे मणक्यांमधली हालचाल राहू देणारा. दुसरा केज आणि प्लेटचा, दोन मणके कायमचे जोडून टाकणारा. डिस्क महाग. साहजिकच ती बसली तर आमच्या धंद्याला बरं. तरीही सांगतो, डिस्कचा सेट न उघडता परत पाठवणाऱ्या सर्जनवर माझा जास्त विश्वास आहे.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका होते. डाव्या हाताला कळ, मधल्या बोटात मुंग्या, कोपर सरळ करताना जोर लागत नाही. सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली गादी नसेवर आलेली. छाटणी असो, विरळणी असो, घड डिपिंगला, म्हणजे औषधाच्या द्रावणात बुडवायला, धरायचे असोत, मांडवाखाली मान वरच. औषधं झाली, पट्टा झाला, व्यायाम झाला. खरं तर अशी बरीच दुखणी दीड-दोन महिन्यांत चाकूशिवाय कमी होतात. यांची ताकदच जायला लागली म्हणून ऑपरेशन ठरलं. त्यांचा मुलगा मोबाइलवर सगळं बघून आलेला. मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "ह्यो हालतोय न्हवं? मग ह्योच बसवा की. पैशाचं बघतो आमी."

मी त्याला डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी मान पुढं वाकवून आणि मागं नेऊन काढलेले दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. त्या जागी मणके जवळजवळ हललेच नव्हते. मागचे छोटे सांधे झिजलेले, हाड वाढलेलं. जो सांधा आधीच जाम झालाय, तिथं हलणारी डिस्क घालून हलणार काय? हाडं ठिसूळ असतील, मणका सरकत असेल, तरीही डिस्क टाळतात. काकांना केज बसला.

डिस्क शोभते ती वेगळ्या माणसाला: वय फार नाही, गादी मऊ, मागचे सांधे शाबूत. तशी केस बघायला मला आवडते. पेशंट उताणा, मान ना वर ना खाली. खांदे चिकटपट्टीनं पायाकडं ओढून बांधतात, नाहीतर सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, खालचे मणके दिसतच नाहीत. (आपल्याकडं एखादा जुना पैलवान आला की ओटीत सगळ्यांची कसरत.) चीर समोरून, गळ्याच्या वळीत, बोटाच्या दोन पेरांएवढी. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारून वाट काढतात. मायक्रोस्कोपखाली गादी पूर्ण काढायची, नस मोकळी करायची.

मग माझी वेळ. आधी ट्रायल, म्हणजे मापाचा नमुना, घालून बघतात. ५ मिलिमीटर की ६? नवखा माणूस म्हणेल, मोठी घाला, घट्ट बसेल. उलट आहे. जास्त उंचीची डिस्क मागचे सांधे ताणते, दुखतं, आणि जी हालचाल वाचवायला एवढा खटाटोप केला तीच अडकते. मध्यरेषा चुकली तरी तेच. म्हणून सी-आर्म समोरून, बाजूनं, परत समोरून. पाकीट एकदा फाडलं की ते पेशंटच्या नावावर लागतं, त्यामुळं आकडा मी मोठ्यानं वाचतो आणि सिस्टर परत वाचतात.

नंतर काही दिवस गिळताना त्रास होतो, कुणाचा आवाज बसतो. बहुतेकांचं ते जातं. काहींच्या डिस्कभोवती पुढं हाड वाढतं आणि हलणारी डिस्कही जाम होते, हे मात्र नातेवाइकांना आधी सांगितलेलं बरं.

ही कल्पना तशी जुनी. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात फर्नस्ट्रॉम या सर्जननं गादीच्या जागी पोलादी गोळे बसवले. ते मणक्यात रुतले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला नंतर मानेसाठी धातूचा सांधा तयार झाला, आणि त्याच घराण्यातल्या डिस्कला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. सगळा युक्तिवाद एकच: मणके जोडले की ताण वरच्या-खालच्या गाद्यांवर जातो, म्हणून हालचाल ठेवा. त्यानं शेजारच्या गाद्या किती वाचतात यावर डॉक्टरांचा वाद अजून मिटलेला नाही.

काका मधे मिरज स्टेशनबाहेर भेटले. एकच जागा जोडली की मान फारशी आखडत नाही, वरचे-खालचे मणके भरून काढतात. त्यांनी तिथंच मान वर करून दाखवली आणि विचारलं, "एवढी पुरं झाली न्हवं मांडवाला?"

मी म्हटलं, डिपिंगला यंदा गडी लावा.