तुम्ही विचारलंत म्हणून: काम जमत नाही, माणूस काढायचाय

"करारात महिन्याच्या नोटिशीचं कलम आहे, मग काम जमत नाही म्हणून काढता येईल ना?" बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याकडचे कारखानदार हे हमखास विचारतात.

मॅनेजर असेल तर बहुधा येईल. मशीनवरचा ऑपरेटर असेल तर नुसत्या कलमावर नाही. आळस, बेशिस्त ही गैरवर्तणूक. तिला आरोपपत्र आणि चौकशी लागते. प्रयत्न करूनही काम जमत नसेल तर ती कायद्याच्या लेखी कपात (रिट्रेंचमेंट), म्हणजे शिक्षा म्हणून नसलेली काढणी. दोन्हींची खिचडी केलेलं पत्र सगळ्यात घातक. कपात म्हणायचं आणि खाली 'कामचुकार' लिहायचं, म्हणजे चौकशी न करता शिक्षा दिल्याचा पुरावा स्वतःच्याच सहीने द्यायचा.

काम जमत नसल्याच्या पुराव्याची फाइल कशी असावी? 'काम समाधानकारक नाही' या वाक्याला किंमत शून्य. 40 मि.मी.च्या बोअरला (आतल्या गोल भोकाला) 25 मायक्रॉनची (मि.मी.च्या हजाराव्या भागांची) मुभा आहे, 400 नगांपैकी 38 मोठे झाले, असं तारीख आणि शिफ्टसकट लिहा. त्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टचं रिजेक्शन किती, तेही शेजारी मांडा. बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, शेवटचा कधी तपासला? इन्सर्ट (हत्याराचं कापणारं पातं) झिजलेला होता का? कास्टिंगमधल्या (ओतकामातल्या) ब्लोहोलमुळे, म्हणजे हवेच्या पोकळीमुळे, गेलेले नग त्याच्या नावावर टाकले असतील तर सगळी फाइल तिथंच कोसळते. मग काय शिकवलं, कोणी शिकवलं, सुधारायला किती आठवडे दिले, पुढचे आकडे काय आले, हे त्याच क्रमाने.

पत्र इंग्रजीत आणि माणूस खानापूरचा किंवा चंदगडहून येणारा असेल तर सोबत मराठी प्रत द्या. सही नाकारली तर दोन साक्षीदार घ्या आणि स्पीड पोस्टनं घरी पाठवा. राहायला तो महाराष्ट्रात असला तरी कामाची जागा बेळगावात, म्हणून कामगार खातं कर्नाटकाचंच.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता (केंद्राचा कामगार कायदा) लागू आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांची सरासरी मजुरी. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ही भरपाई काढतानाच द्यायची; 'नंतर बघू' म्हटलं की कपातच रद्द ठरू शकते. ग्रॅच्युइटी वेगळी: 20,800 पगार, 6 वर्षं 7 महिने नोकरी, तर 20,800 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 7, म्हणजे 84,000. काम वाईट होतं म्हणून ती अडवता येत नाही. उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत.

दुकान-शोरूमचा हिशोब निराळा. तिथं 1961 चा कर्नाटकाचा कायदा: सहा महिने भरले की सबळ कारण आणि महिन्याची नोटीस.

कारखान्यात अजून एक मेख आहे. कपातीत शेवटी आलेला आधी जातो. जुन्याला काढून नवा ठेवायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि ते कारण म्हणजे वरचीच फाइल. वर्षाच्या आत तीच जागा भरायची झाली तर आधी काढलेल्या माणसालाच विचारावं लागतं.